मंत्रिमहोदय, कुलकर्णींचे ‘कलकरणी’ करू नका

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

नागरिकांच्या याद्या एका प्रणालीतून दुसरीत नेणं, हे अंधेरीतल्या एका कार्यालयात माझं रोजचं काम. जुन्या यंत्रणेला युनिकोड (मराठीसकट बहुतेक लिप्या सामावणारी संगणकाची अक्षर-संकेतपद्धत) झेपत नाही, म्हणून वाटेत कुठेतरी मराठी नावाचं आस्की (रोमन अक्षरांची जुनी संकेतपद्धत) केलं जातं. आस्कीत जागा १२८, त्याही इंग्रजीपुरत्या. (युनिकोडमध्ये देवनागरीच्या एकट्या मुख्य गटातच तेवढ्या जागा आहेत!) मग ‘जोशी’ होतात ???? आणि ‘काळे’ही ????. संगणकाच्या लेखी दोन्ही नावांत चार-चार चिन्हं (ज, ो, श, ी आणि क, ा, ळ, े), म्हणून प्रश्नचिन्हंही चार-चार. यादीत दोघे एकच.

निदान हे डोळ्यांना दिसतं तरी. खरा घोळ दिसतच नाही. युरोपीय भाषांसाठीचा एक तयार कोड सर्रास चिकटवला जातो: अक्षर सुटं करायचं, त्याला चिकटलेली जोडचिन्हं काढून टाकायची, म्हणजे é चं e. फ्रेंच नावाचं त्यात फार बिघडत नाही, खाली साधं रोमन अक्षर उरतं. मराठीत मात्र उकार, मात्रा, अनुस्वार आणि अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह त्याच वर्गात पडतात. काना-वेलांटी तेवढी वाचते. कुलकर्णींचे ‘कलकरणी’ होतात, शिंदेंचे ‘शिद’, आणि पुढे त्याचंच रोमन. कुठे एरर नाही की प्रश्नचिन्ह नाही. तपासणाऱ्याला मराठी येत नसेल तर सगळं बिनबोभाट पार.

रोमन नकोच, असं माझं म्हणणं नाही. पासपोर्टच्या तळाशी यंत्रानं वाचायच्या दोन ओळींत देवनागरी चालतच नाही. एका एसएमएसमध्ये साधी रोमन अक्षरं १६० मावतात, देवनागरी आली की ७०; खात्यांची काटकसर समजू शकतो. पण रोमन रूप प्रोग्रामनं का ठरवावं? ‘काळे’ आणि ‘काले’ आस्कीत सहसा एकसारखेच लिहिले जातात. परत मराठीत आणताना ळ कुठून आणणार? आणि चौधरींच्या तीन घरांत तीन स्पेलिंगं असतात. यंत्रानं चौथंच काढलं की बँकेत हेलपाटे त्यांनाच.

आपल्या खात्याच्या निविदांत एवढी अट घाला: देवनागरी नाव हीच मूळ नोंद, ती कोणत्याही टप्प्यावर पुसायची नाही. रोमन नाव वेगळ्या रकान्यात, अर्जदारानं स्वतः लिहिलेलं. प्रणाली ताब्यात घेण्याआधी कुलकर्णी, शिंदे, काळे आत घालून बाहेर काय येतं ते एखाद्या मराठी कारकुनाला बघू द्या. जशीच्या तशी आली नाहीत, तर ठेकेदाराचं बिल अडवा.

आपला,
मुंबईतला एक प्रोग्रामर