काँक्रीटऐवजी पाणी मुरणारी गल्ली हवी

महोदय,

दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतील आमच्या गल्लीत काँक्रीटवर काँक्रीट असे तीन थर चढले असून, ज्या घरात पूर्वी दोन पायऱ्या चढून जावे लागे, त्याच घरात आता एक पायरी उतरावी लागते. जून उजाडला की दाराशी विटांचा बांध आणि वाळूची पोती रचणे हे आमचे ठरलेले काम झाले आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने केलेला कहर शहर विसरलेले नाही. मात्र ओढा पात्रात असतानाही तासाभराच्या पावसात आमची घरे भिजतात, याची नोंद कुठेच होत नाही.

शंभर मीटर लांब आणि तीन मीटर रुंद गल्लीत तासाभरात ४० मिलिमीटर पाऊस पडला, तर १२ हजार लिटर पाणी जमते आणि काँक्रीट ते जवळजवळ सगळेच उताराला लावून देते. त्याऐवजी फटी ठेवून पेव्हिंग ब्लॉक बसवले, फटींत बारीक खडी भरली आणि खाली फूटभर जाडीचा, कच चाळून काढलेल्या मोठ्या खडीचा थर दिला, तर पोकळी ४० टक्के धरून सपाट गल्लीत ३६ हजार लिटर पाणी त्या थरात मावते. पेव्हिंग ब्लॉक आपल्याकडे नवे नाहीतच; ते सिमेंटमध्ये बसवून फटी बुजवण्याची हौस तेवढी नडते.

पुण्याच्या पोटात काळा कातळ असल्याने हे पाणी झपाट्याने मुरणार नाही. थराच्या तळाशी छिद्रांचा पाइप टाकून ते सावकाश पावसाळी गटारात सोडावे लागेल. तीव्र उताराच्या गल्ल्यांना हा उपाय लागू पडत नाही आणि जिथे ड्रेनेजचे चेंबर तुंबून मैला वर येतो, तिथे आधी ते दुरुस्त व्हायला हवे. शिवाय फटींत गाळ बसतो, म्हणून नियमित सफाईची आणि वरची खडी बदलण्याची तरतूद निविदेतच असावी; नाहीतर दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा काँक्रीटसारखीच गत होईल.

हा भार एकट्या वस्तीवर टाकणेही न्याय्य नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाला सहकारनगर, पद्मावतीकडच्या सोसायट्यांची फरसबंद वाहनतळे आहेत. तिथले पाणी शेवटी आमच्याच दिशेने येते.

महापालिकेने पुढचा थर ओतण्यापूर्वी जुने तिन्ही थर उकरून निदान एका गल्लीत हा प्रयोग करावा. तेवढ्याने आमचे उंबरे तरी पुन्हा रस्त्याच्या वर येतील.

– एक रहिवासी, दांडेकर पूल परिसर, पुणे