बेनीचा बार मित्झ्वा गुरुवारीच

प्रिय आई, बाबा,

परवा फोनवर बाबा एकदम गप्प झाले तेव्हाच कळलं मला, म्हणून लिहितोय. तुमच्या नातवाचा, बेनीचा बार मित्झ्वा (तेरा वर्षांचा झाला ना तो, आता सगळ्यांसमोर तोरा, आपला धर्मग्रंथ, वाचायचा) गुरुवारीच ठरलाय, जेरुसलेमला, कोटेलपाशी, म्हणजे पश्चिम भिंतीपाशी. माहितीये बाबा, आपल्याकडे शब्बाथलाच, शनिवारी, अलिबागच्या सिनेगॉगमध्ये, हफ्ताऱ्यासकट, म्हणजे तोरानंतरच्या नबींच्या वाचनासकट. गुरुवारी हफ्तारा नसतो, तेफिलिन, त्या चामड्याच्या डब्या, हाताला नि कपाळाला बांधायच्या आणि तोराचं वाचनही थोडंसंच, तीनच जणांना बोलावतात, आधी कोहेन, मग लेवी, ती मंदिराच्या सेवेतली घराणी, आपला नंबर तिसरा. तुम्हाला ते अर्धवट वाटणार. पण शब्बाथला केलं असतं तर व्हिडिओ कॉल कसा लावला असता सांगा, इथे कोणी फोनला हात लावत नाही आणि तुम्ही तर त्याहून नाही. अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टर विमानाला नको म्हणाले, मग तुम्ही बघणार कसं, एवढंच होतं डोक्यात. गुरुवारी हॉल स्वस्त पडतो म्हणून नाही (पडतो, पण ते कारण नाही).

माझ्या वेळी मी वाचता वाचता अडकलो होतो, तर तुम्ही पाठीवर हात ठेवून हळूच पुढचा शब्द सांगितलात. मग बायकांकडून लिमलेटच्या गोळ्यांचा पाऊस, आईची नेमकी तुमच्या चष्म्यावर! आणि तुम्ही ती बेराखा, बापाने म्हणायची प्रार्थना, म्हटलीत, देवा, याच्या करणीच्या शिक्षेतून मला मोकळं केलंस. म्हटलीत खरी, पण आठ वर्षांनी माझ्या स्कूटरचे हप्ते कोणी भरले? आता ती मला म्हणायचीये, आणि घरी नुसती प्रॅक्टिस करतानाच माझा घसा दाटून येतो.

तर आता ऐका. इथले आठ म्हणजे तुमचे साडेदहा. ताईची मुलगी येऊन टॅब लावून देईल, बाबांनी आरामखुर्चीतच बसायचं, पाय स्टुलावर, सकाळची गोळी आधी घ्यायची. आई, मलिदा, तो गोड पोह्यांचा नैवेद्य, तूच कर, एलियाहू हन्नाबीपुढे, आपल्या संदेष्ट्यापुढे, बेनीचं नाव घे, पण नारळ खवत बसू नकोस त्या खांद्याने, शेजारच्या काकूंना सांग. बाबांना दोनच चमचे. तीन नाही हं.

कोटेलला बायकांचा भाग वेगळा असतो, तुमची सून प्लास्टिकच्या खुर्चीवर चढून पलीकडून बघणार आणि फोनही तिच्याच हातात, तेव्हा चित्र हललं तर ओरडू नका.

बाबांचा तल्लीत, प्रार्थनेची शाल, पोचला. बेनीला पार घोट्यापर्यंत येतो. कोपऱ्याजवळ आईने निळ्या दोऱ्याने रफू केलंय ना, ते दाखवून विचारत होता, हे कोणी केलं.

तुमचा,
बाळू