तो कागद तुमच्या हातात हवा होता

खारघर, नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

खारघरहून नौपाड्याला यायला तासभर लागतो, तरी पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. दिवाळीत चार दिवस घरी होते. रोज ठरवायचे, आज सांगायचं. मग आई ताटात आणखी एक करंजी वाढायची आणि ते राहून जायचं. समोर बसून जमलं नाही, म्हणून लिहिते.

ऑक्टोबरात अमेरिकेत फिनिक्सचं ऑफिसचं काम संपल्यावर मी तुम्हाला फोनवर म्हटलं होतं की मैत्रिणींबरोबर फिरायला जातेय, पाचेक दिवस फोन लागणार नाही. मैत्रिणी नव्हत्या. मी एकटी गेले होते. युटा आणि ॲरिझोनाच्या सीमेवरच्या वाळवंटात परिया नावाची नदी आहे. तिच्या घळीतून पाच दिवस, चार रात्री, पाठीवर सॅक घेऊन साधारण ६१ किलोमीटर चालले. वाटेत गाव नाही, फोनला रेंज नाही, मधूनच बाहेर पडायच्या वाटा जवळजवळ नाहीत.

तुमच्याशी खोटं बोलले, त्याची माफी मागते. गेल्याची मात्र मागत नाही. असं का म्हणते, ते सांगते.

बाबा, तुम्ही मला सांदण दरीच्या तोंडाशी नेलं होतं तेव्हा मी नववीत होते. दोन्ही बाजूंना काळा कातळ, वर आभाळाची चिंचोळी पट्टी. परिया तशीच आहे, फक्त कातळ लाल. आपला बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, लाव्हारसाचा. तिथला वालुकाश्म त्याच्या दुपटीहून जुना. तो मुळात वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्यांचा आहे, आणि त्या टेकड्यांचे तिरके थर भिंतीवर अजून दिसतात. एका भिंतीला मी बराच वेळ हात लावून उभी होते. कोट्यवधी वर्षांपूर्वी वारा कुठल्या बाजूने वाहत होता, ते त्या रेघांवरून कळतं.

एका दिवशी फक्त २० माणसांना मुक्कामाचं परमिट मिळतं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मला कोणीच भेटलं नाही. वाट अशी नाहीच, नदीतूनच चालायचं, कधी घोटाभर पाण्यात, कधी गुडघाभर. सगळा कचरा परत आणायचा, विष्ठासुद्धा खास पिशवीत बांधून. आई, तुला किळस येईल, पण त्यामुळे ती घळ इतकी स्वच्छ आहे की पाण्याकाठच्या वाळूवर पाखरांच्या पायांचे ठसे तेवढे दिसतात.

तुझी तुरटी मी बरोबर नेली होती. जाण्याआधी जांभळी नाक्यावरून खडा घेतला होता ना, तोच. परियाचं पाणी चहासारखं गढूळ असतं, नुसतं गाळायला गेलं की गाळणीची नळी तुंबते. पावसाळ्यात नळाला लाल पाणी आलं की तू हंड्यात तुरटी फिरवायचीस, तसाच मी भांड्यात खडा फिरवला, पाणी निवळू दिलं, मग गाळून प्यायले. पुढे दगडातून पाझरणारे झरे लागतात, तिथलं पाणी नितळ. पहिल्या झऱ्यापर्यंत मात्र पाच लिटर पाणी पाठीवर, म्हणजे नुसत्या पाण्याचंच पाच किलो ओझं. आणि त्या पहिल्या झऱ्यापाशी काय होतं सांगू? हंसराज! आजोळच्या विहिरीच्या दगडांत उगवायचा, काळ्या काडीचा, नाजूक पानांचा, अगदी तोच. आजूबाजूला वाळवंट, आणि एका ओल्या भेगेत तो हिरवागार हलत होता. मी तिथे बसून रडले. भीतीने नाही, तुम्ही दोघं फार आठवलात म्हणून.

तिथे संध्याकाळचे सात वाजले की ठाण्यात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात. आई, तू चहा ठेवत असायचीस तेव्हा मी तंबूत शिरायचे. रोज त्याच वेळी मी उपग्रहावरून निरोप पाठवणाऱ्या छोट्या यंत्राचं बटण दाबायचे, "ठीक आहे" एवढाच निरोप. तो ऑफिसातल्या मैत्रिणीला जायचा. तुम्हाला नाही.

आता भीतीचं लिहिते. तुम्ही विचारणारच, आणि मला ते लपवायचं नाही.

त्या घळीत माणसाला धोका असतो तो पुराचा. परिया उगम पावते तिकडे वर, ब्राइस कॅन्यनच्या बाजूला. तिकडे पाऊस पडला की ते पाणी या अरुंद भिंतींमधून येतं, आणि तुमच्या डोक्यावर तेव्हा निळंभोर आकाश असू शकतं. तिथून फार लांब नसलेल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये ऑगस्ट १९९७ मध्ये असंच झालं. पाऊस कित्येक किलोमीटर लांब पडला आणि ११ माणसं वाहून गेली. मी परियाच्या अरुंद भागातून चालत होते तेव्हा वर पाहिलं, तर दोन भिंतींच्या मध्ये, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर, झाडाचा अख्खा ओंडका आडवा अडकला होता. तो तिथे कोणी ठेवला नव्हता.

त्या क्षणी मला २६ जुलै २००५ आठवली. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. बाबा, लोकल बंद पडल्या आणि तुम्ही रुळांवरून, कमरेइतक्या पाण्यातून चालत निघालात. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलात. ती रात्र आई आणि मी खिडकीत बसून काढली. फोन लागत नव्हता, तुम्ही कुठे आहात हे सांगणारं कोणी नव्हतं. आई देवापाशी दिवा लावून यायची, खिडकीशी बसायची, पुन्हा उठून तेल घालायची. घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, "पाणी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, ढग बघायला हवे होते." मी ते विसरले नाही. म्हणून निघण्याआधी मी त्या घळीचा नव्हे, वरच्या ब्राइसकडचा हवामानाचा अंदाज पाहिला, सलग तीन दिवस. बकस्किन नावाची आणखी अरुंद घळ परियाला येऊन मिळते. सुमारे २४ किलोमीटर लांब, आणि वर चढून बसायला जागा फार थोड्या. पुष्कळ जण त्या बाजूने उतरतात. मी तो मार्ग घेतला नाही. एकटीने तो घ्यायचा नाही, असं मी ठाण्यात असतानाच ठरवलं होतं. रोज तंबू लावताना आधी पुराची खूण शोधायची आणि तिच्या वर, उंच कट्ट्यावर जागा धरायची.

बाबा, हे सगळं तुमचंच आहे. तुम्ही शिकवलेलं घेऊन मी तिथे उतरले, आणि तुम्हालाच सांगितलं नाही.

शेवटच्या दिवशी घळ रुंद झाली आणि व्हर्मिलियन क्लिफ्सचे लाल कडे उघडले. तिथे कॅलिफोर्निया कॉन्डोर, म्हणजे तिकडचं मोठं गिधाड, दिसला, पंखावर नंबर लावलेला. १९८२ साली हे पक्षी जगात फक्त २२ उरले होते. उरलेले पकडून, वाढवून, १९९६ पासून त्याच कड्यांवरून सोडायला लागले. बाबा, तुमच्या लहानपणी मेलेल्या गुरांवर गिधाडांची झुंबड असायची, असं तुम्ही सांगता. मी ती कधी पाहिली नाही. गुरांना दिलेल्या वेदनाशामक औषधाने आपली गिधाडं गेली, यांची, मेलेल्या जनावरांच्या मांसातून बंदुकीच्या गोळ्यांतलं शिसं पोटात जाऊन, अजूनही मरतात. तो कड्यावरून पंख न हलवता गेला तेव्हा तुम्ही शेजारी असायला हवे होतात.

संध्याकाळी लीज फेरीला, कोलोरॅडो नदीपाशी पोचले आणि शेवटचा निरोप पाठवला. मैत्रिणीने लगेच उत्तर दिलं. नंतर मला म्हणाली, पाच दिवस रोज सकाळी तिचं लक्ष फोनकडेच असायचं. ते ऐकून मला लाज वाटली. जिने ती काळजी वाहिली ती परकी पोर, आणि ज्यांचा हक्क होता त्यांना मी मैत्रिणींची गोष्ट सांगून झोपवलं होतं. तुमची वयं झाली, आईचं बीपी आहे, उगाच त्रास नको, हे कारण मी स्वतःला देत होते. पण २००५ च्या त्या रात्री मला सगळ्यात जास्त कशाने छळलं असेल तर काहीच माहीत नसण्याने. तेच मी तुमच्या वाट्याला देणार होते, तेही तुमच्या नकळत.

मी पुन्हा जाणार आहे. एकटी जाणार आहे. ते आता लपवणार नाही.

मैत्रिणीकडे दिलेला कागद मी परत मागून घेतला, तो सोबत आहे. रोजचा मुक्काम कुठे, गाडी कोणत्या रंगाची, सॅकमध्ये काय, शेवटचा निरोप कधी यायला हवा, आणि नाही आला तर किती तास थांबून तिथल्या शेरीफला, म्हणजे पोलीसप्रमुखाला, फोन करायचा, सगळं त्यात आहे. पुढच्या वेळचा कागद तुमच्याकडे असेल, आणि रोजचा निरोपही तुमच्याच फोनवर येईल. बाबा, हा नीट वाचून ठेवा आणि जिथे काही सुटलंय असं वाटेल तिथे पेन्सिलीने खूण करा. आई, तुलाही जे विचारायचं असेल ते विचार, रागावायचं असेल तर रागाव.

रविवारी सकाळी येते.

तुमची,
ताई