खांद्यावर हात टाकण्याआधी

महोदय,

दसरा आणि १४ ऑक्टोबर जवळ आले की दीक्षाभूमीवर आणि कामठीच्या ड्रॅगन पॅलेस बुद्धविहारामध्ये थायलंड, श्रीलंका, म्यानमार, जपानचे पाहुणे दिसू लागतात. नागपूरला याचे अप्रूप असायचे कारण नाही. १९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना इथे दीक्षा देणारे भदंत चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशचेच. पाहुणचारात आपण कुठे कमी पडत नाही. चुकते ते सलगीचे माप. चीवर (भिक्खूंचे वस्त्र) दिसले की सेल्फी, आणि सेल्फी म्हटली की खांद्यावर हात! स्वयंसेवक, गाइड, हॉटेलचे कर्मचारी आणि ऑटोचालक यांच्यासाठी या दिवसांआधी दोन तासांचा वर्ग घ्यावा, अशी सूचना करण्यासाठी हे पत्र.

अशा वर्गांत एडवर्ड हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाचा, माणसे एकमेकांपासून किती अंतर ठेवतात याचा १९६६ चा तक्ता हमखास फळ्यावर येतो. दीड फुटाच्या आत जिवलग, दीड ते चार फूट ओळखीचे, चार ते बारा फूट कामापुरते, त्यापुढे सभा-भाषण. तक्ता उपयोगी आहे, पण तो अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या मध्यमवर्गीयांच्या निरीक्षणावर बेतलेला आहे आणि हॉलने स्वतःच तसे बजावले होते. शिकवताना मात्र तो साऱ्या जगाचा नियम होऊन बसतो. अरब किंवा लॅटिन अमेरिकी पाहुणा याहून जवळ येऊन बोलतो. आपण मागे सरकलो तर आपणच त्याला तुसडे वाटतो. जपानी माणसाला कमरेतून वाकून अभिवादन करायचे असते, साध्या ओळखीला १५ अंश, आदराने ३०, फारच औपचारिक प्रसंगी ४५. त्याला तेवढी जागा समोर लागते. तो वाकत असताना हस्तांदोलनाला पुढे झालात तर डोक्याला डोके आपटेल. आपला नमस्कार इथे सगळ्यात सोयीचा, कारण तो लांबूनच होतो.

म्हणून तक्ता पाठ करून घेण्यापेक्षा सराव द्यावा. दोघांना दहा फुटांवर समोरासमोर उभे करायचे. एकाने हळूहळू पुढे यायचे, दुसऱ्याला अवघडल्यासारखे झाले की त्याने ‘बस’ म्हणायचे, आणि तिथे टेपने मोजायचे. मग हेच तिरपे उभे राहून करायचे. थेट तोंडासमोर न येता थोडे बाजूला उभे राहिले की तेच अंतर कमी बोचते, हे दोन फेऱ्यांत कोणाच्याही लक्षात येते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाहुणा अर्धे पाऊल मागे सरकला तर ती जागा भरायची नाही. आपल्याला वाटते त्याला ऐकू आले नसेल, म्हणून आपण पुढे होतो, तो आणखी मागे जातो, आणि बोलता बोलता बिचारा भिंतीला टेकतो.

आता भिक्खूंविषयी, कारण जास्त गोंधळ तिथेच आहे. थायलंड, म्यानमार, श्रीलंका इथले थेरवादी (बौद्ध धर्माच्या तिथल्या जुन्या परंपरेतले) भिक्खू स्त्रियांचा स्पर्श टाळतात. थायलंडमध्ये स्त्रीने दिलेली वस्तू भिक्खू हातात घेत नाहीत. ती पात्रात किंवा त्यांनी पसरलेल्या कापडावर ठेवायची. यात अपमान मानू नये, तो विनयाचा, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेचा, नियम आहे. जपानमध्ये मात्र १८७२ पासून सरकारनेच भिक्खूंना विवाहाची मुभा दिली आणि तिथली रीत बरीच वेगळी झाली. तेव्हा ‘भिक्खू म्हणजे असेच’ असे एकाच वाक्यात शिकवून भागणार नाही. शंका असेल तिथे हात जोडावेत आणि वस्तू टेबलावर ठेवावी. थाई भिक्खू नमस्काराला उलट नमस्कार करत नाहीत. ते रागावले असे समजू नये.

थायलंडमध्ये डोके सर्वांत पवित्र आणि पाय सर्वांत खालचे. पाहुण्यांचे पोर गोड दिसले तरी डोक्यावरून हात फिरवणे, गालगुच्चा घेणे नको. बुद्धमूर्तीसमोर बसताना तळपाय मूर्तीकडे करू नयेत. बसलेल्या माणसाच्या पायांवरून ओलांडून जाऊ नये, हे तर आपल्याकडेही सांगतात. एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. चुकून पाय लागला की आपण समोरच्याला हात लावून तो कपाळाला नेतो. परक्याला कळतच नाही की आधी पाय लागला, मग हा हात का लावतोय. तिथे तोंडाने ‘सॉरी’ म्हणावे.

ऑटोवाल्या भाऊंसाठी दोनच गोष्टी. आपली मान डोलवून दिलेली ‘हो’ परदेशी माणसाला ‘नाही’ वाटते, त्यामुळे भाडे ठरले की ‘येस’ तोंडाने म्हणा. उलट जपानी माणूस बोलताना सारखी मान हलवतो आणि ‘हाय, हाय’ म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ बहुधा ‘ऐकतोय’ इतकाच असतो, पाचशे रुपये मान्य झाले असा नव्हे. दुसरे, बोट वाकवून किंवा शुकशुक करून बोलावू नका. तळहात खाली ठेवून बोटे हलवली तर थाई-जपान्यांना कळते, पण युरोपीय माणसाला ते ‘जा’ वाटू शकते. पेंच-ताडोबासाठी विमानतळावर उतरणाऱ्यांची बॅग विचारल्याशिवाय ओढणे हाही त्यातलाच प्रकार.

गर्दीत फूट-इंच मोजणार कोण, असा प्रश्न कुणी विचारील. टोकियोच्या लोकलमध्येही माणसे एकमेकांना चिकटूनच उभी असतात. ते निभते कारण कोणी टक लावून बघत नाही, पाठीवरची सॅक पुढे घेतलेली असते आणि आवाज खाली असतो. दीक्षाभूमीच्या रांगेत आणि मेट्रोत हे तिन्ही जमण्यासारखे आहे.

आणि सेल्फी: आधी मोबाइल दाखवून विचारावे, मान हलली नाही तर निघावे. परवानगी मिळाली तर हातभर अंतर ठेवून, हात जोडून उभे राहावे. थेरवादी भिक्खू असतील तर शेजारी पुरुषाने उभे राहावे, स्त्रियांनी त्याच्या पलीकडे.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर