अभंग चार चरणांत छापावेत

संपादक महोदय,

आषाढीच्या सुमारास आपल्या पुरवणीत अभंग आवर्जून छापले जातात, याचा आनंद वाटतो. पण ते स्तंभाच्या रुंदीप्रमाणे कुठेही तोडलेले असतात. त्यामुळे अभंगाची घडणच डोळ्यांआड होते.

तुकोबांचा सर्वांच्या तोंडी असलेला अभंग घ्या: 'सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया'. अक्षरे मोजा, सहा, सहा, सहा आणि चार. जोडाक्षर एकच धरायचे. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणांत: विटेवरी, कटावरी. हाच अभंग दोन ओळींत छापला की 'विटेवरी' पहिल्या ओळीच्या टोकाला राहते आणि 'कटावरी' दुसऱ्या ओळीच्या पोटात लपते. मुले यमक ओळीच्या शेवटी शोधतात. तिथे त्यांना 'विटेवरी' आणि 'ठेवोनिया' दिसते, आणि अभंगाला यमक नसते असे ती लिहून मोकळी होतात. मराठी शिकवताना हे उत्तर मला सतत भेटते.

चौथा चरण आखूड असल्याने शेवटचे अक्षर लांबवायला, दम घ्यायला जागा मिळते. पुढच्याच कडव्यात 'तुळसीहार गळा' आणि 'आवडे निरंतर' हे चरण सात अक्षरांचे आहेत. म्हणताना दोन अक्षरे जवळ घेतली की ठेका जराही हलत नाही. ही मोकळीक भुजंगप्रयातासारख्या वृत्तात नाही. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' यात लघु-गुरूंचा, म्हणजे एक आणि दोन मात्रांच्या अक्षरांचा, क्रम ठरलेला, चार वेळा 'य' गण (एक लघु, दोन गुरू), एक मात्रा इकडची तिकडे चालत नाही. माधवराव पटवर्धनांनी (कवी माधव जूलियन) 'छंदोरचना' या छंदशास्त्रावरील ग्रंथात वृत्त (लघु-गुरूंचा क्रम ठरलेले), जाती (मात्रा मोजायच्या) आणि छंद हे वर्ग वेगळे मांडले ते याचसाठी. अभंग छंदात मोडतो, त्यात अक्षरसंख्या पाहायची. तरीही अभंगावर गणांच्या खुणा करत बसलेली मुले मी पाहते, तेव्हा फार वाईट वाटते. ओळ मोठ्याने म्हणून चरण कुठे थांबतो हे आधी ऐकायला हवे, गण ओळखण्याचे 'यमाताराजभानसलगा' हे सूत्र त्यानंतर.

अभंगांच्या पारंपरिक गाथेत दोन चरणांनंतर दंड (उभी रेघ) देतात, कारण तिचा वाचक चाल जाणतो. पुरवणीच्या वाचकाला ती माहीत असेलच असे नाही. तेव्हा यंदा अभंग चार ओळींत, प्रत्येक चरण स्वतंत्र ओळीवर छापावा. जागा थोडी जास्त लागेल. एखादे सजावटीचे चित्र लहान केले तरी भागेल.

आपली,
एक मराठी शिक्षिका, सातारा