चित्राखाली मापही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला चित्रकर्ती मार्लेन डुमा यांच्यावरचा लेख आवडला, पण लेखभर भावनांचा कल्लोळ आणि शिक्षणाला जेमतेम अर्धी ओळ, हे खटकलं. मी चित्रकला शिकवते. असं काही वाचून आलेली मुलं हमखास विचारतात, ‘मॅडम, शिकलं की फीलिंग जात नाही ना?’

डुमा यांचा जन्म १९५३ चा, केपटाऊनचा. तिथल्या विद्यापीठाच्या मायकेलिस कलाशाळेत त्या १९७५ पर्यंत शिकल्या, मग नेदरलँड्सला जाऊन हार्लेमच्या ‘आतेलिए ६३’ या कलासंस्थेत. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून की काय, १९७९-८० मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठात मानसशास्त्रही केलं! चेहरे रंगवणाऱ्या बाईंनी हे शिकावं, यावर खरं तर वेगळा लेख व्हावा.

त्या मॉडेल समोर न बसवता फोटोवरून रंगवतात. २००८ चं ‘डेड मेरिलिन’ हे मेरिलिन मन्रोच्या शवविच्छेदनाच्या वेळच्या फोटोवरून केलेलं. आदल्याच वर्षी डुमांची आई गेली होती. लेखात एवढंच सांगून चित्राचा उलगडा झाला असं धरलंय. पण चित्र नीट बघा. निळसर, हिरवट डाग, पांढऱ्याचे सैल फटकारे, आणि तरी गालाचं हाड जागच्या जागी. हात तयार नसेल तर त्या डागांचा नुसता चिखल होतो. वर्गात मी तो रोज बघते. आईचं दुःख चित्रात आहेच, पण ते दिसतं ते या हातामुळे.

आता एक तक्रार. शेजारी त्यांचं १९९४ चं ‘द पेंटर’ छापलंय, रंगाने माखलेल्या हातांची त्यांची लहानगी मुलगी. मूळ चित्र दोन मीटर उंच आहे, म्हणजे ते पोर बघणाऱ्याच्या डोक्यावर उभं राहतं. ‘डेड मेरिलिन’ जेमतेम ४० बाय ५० सेंटिमीटरचं, जवळ जाऊन वाकून बघावं असं. आपण दोन्ही एकाच मापाची छापली आणि खाली फक्त नावं दिली. मूळ चित्र बघणाऱ्याच्या अंगावर येतं ते निम्मं या आकारामुळे, आणि तेवढंच वाचकाला कळत नाही. यापुढे चित्राखाली माप आणि माध्यम छापावं, ही विनंती. त्याला एका ओळीपेक्षा जास्त जागा लागणार नाही.

आपली,
एक चित्रकला शिक्षिका