मारुतीला वाहिलेली सायकल

नाशिक,
श्रावण वद्य पंचमी

तीर्थरूप आई-बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

अण्णाकाकांचे वर्षश्राद्ध काल घरच्या घरी पार पडले. गुडघ्याच्या दुखण्यामुळे बाबांना ठाण्याहून येता आले नाही, याची त्यांना किती हळहळ वाटली असेल हे मी जाणते. गुरुजी, स्वयंपाक आणि आलेगेले यांचा वृत्तान्त फोनवर सांगेनच; आज फक्त एका वहीविषयी लिहिते.

पाने उठल्यावर काकूंनी मला माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवायला सांगितली. तीत अण्णाकाकांच्या घरखर्चाच्या वह्या निघाल्या, 1968 पासून दर वर्षाची एक. आकडे नेटके, खाडाखोड जवळजवळ नाही, आणि प्रत्येक महिन्याच्या बेरजेशेजारी समासात एकच शब्द लिहिलेला: घोटा, गुडघा, कंबर, छाती किंवा गळा.

आपल्या घरात ही भाषा कोणाला समजावून सांगावी लागत नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडले की सारे नाशिक जसे गोदावरीच्या, म्हणजे आपल्या गंगेच्या, पात्रातल्या मूर्तीकडे पाहून 'दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आले?' असे विचारते, तसे अण्णाकाका घरातली प्रत्येक आपत्ती त्याच मारुतीवर मोजत. काकूंचा राग कमरेपर्यंत, ताईच्या लग्नाची तयारी छातीपर्यंत, आणि माझा दहावीचा गणिताचा पेपर तर 'नाकातोंडात. पण मारुतीला दोन तोंडे असल्यामुळे एक अजून कोरडे आहे'. त्या एका वाक्याने मी रडता रडता हसले होते, हे आईला आठवत असेल.

1969 च्या पुराची गोष्ट बाबांकडूनच मी किती वेळा ऐकली आहे. सराफ बाजारामागच्या वाड्यात पाणी शिरले, तळमजल्यावरची धान्याची पोती माडीवर नेता नेता सगळ्यांची दमछाक झाली, आणि आजी जिन्यात बसून रडू लागली, तेव्हा पंचवीस वर्षांचे अण्णाकाका कमरेइतक्या पाण्यात उभे राहून तिला म्हणाले, "जन्मभर तू गंगेवर जातेस, आज ती परतभेटीला आली आहे, हळदकुंकू तरी लाव." आजीने खरोखरच हळदकुंकू वाहिले. बाबा हा प्रसंग नेहमी हसत सांगतात. त्या रात्री अण्णाकाकांनी तीन वेळा खाली उतरून शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचे सामानही वर आणले, हे मात्र काल काकूंनी सांगितले तेव्हा मला प्रथमच कळले.

त्यांच्या नोकरीवरचे विनोद तर नाशिकरोडच्या निम्म्या घरांत चालत असतील. ते सिक्युरिटी प्रेसमध्ये, आणि नातेवाईक मागणार नोटांचे नमुने, तेव्हा ते शांतपणे सांगत, "नोटा शेजारच्या प्रेसमध्ये. आम्ही पोस्टाची तिकिटे छापतो. लोक त्यांना मागून थुंकी लावतात, तरी ती बिचारी निमूट गावोगाव जातात." प्रेसच्या दारावर रोज झडती द्यावी लागे, म्हणून घरी आल्यावरही ते उंबऱ्यात हात वर करून काकूंसमोर उभे राहत. पुढे काकूंची बोटे संधिवाताने वाकली, तेव्हापासून शेवटपर्यंत पोळ्या त्यांनीच लाटल्या, आणि कडा फाटल्या की म्हणत, "तिकिटांची सवय आहे, दातेरीच येतात."

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते. 1975 च्या वहीत जूनपासून नोव्हेंबरपर्यंत सलग 'गळा' लिहिले आहे. बाबा तेव्हा पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्या काळातले अण्णाकाकांचे एक आंतर्देशीय पत्र बाबांनी जपून ठेवले आहे आणि मला दाखवलेही आहे: 'यंदा गंगेला पाणीच नाही, मारुतीचे पाय कोरडे आहेत, तू फक्त अभ्यासाची काळजी कर.' त्याच ऑगस्टच्या पानावर खर्चाच्या बाजूला 'धाकट्याची फी व खानावळ' अशी नोंद आहे आणि जमेच्या बाजूला 'सायकल, रु. 110'.

सायकल मारुतीला वाहिली, असे ते आपल्याला आयुष्यभर सांगत आले. आपण सगळे त्यावर हसलो. बाबा सर्वांत मोठ्याने. ती गेली कुठे, असे कोणी विचारले नाही. काकू म्हणाल्या की पुढची दोन वर्षे ते नाशिकरोडला कधी बसने, कधी कोणाच्या मागे बसून, आणि पाळी रात्री सुटली तर द्वारका चौकापर्यंत चालतही येत. बाबा, हे तुम्हांला ठाऊक होते का? ठाऊक नसेल, तर मी कळवून चूक केली की काय, हा प्रश्न काल रात्रभर माझ्या मनात होता. अखेर मला वाटले, ही वही तुम्ही पाहिलीच पाहिजे.

त्यांना देवत्व देण्याचा माझा हेतू नाही. त्यांची थट्टा कधी कधी बोचत असे. आजीच्या तेराव्याला त्यांनी केलेल्या विनोदावरून बाबा पानावरून उठून गेले होते, आणि पुढचे चार महिने दोघे भाऊ बोलत नव्हते. त्या महिन्यांची वहीही मी मुद्दाम उघडली. खर्च बेताचा, जमा बरी, आणि समासात तरीही 'छाती'.

शेवटच्या वहीत, इस्पितळातून घरी आणले त्या आठवड्यात, थरथरत्या अक्षरात लिहिले आहे: 'नारोशंकराची घंटा भिजली, वाजली नाही.' नदीकाठच्या देवळातल्या त्या उंच घंटेपर्यंतचे पाणी त्यांनी त्यापूर्वी कधीच मांडले नव्हते.

1975 ची वही मी कापडात गुंडाळून ठेवली आहे. पोस्टाने पाठवण्याचा धीर होत नाही, म्हणून पुढच्या महिन्यात मी स्वतः घेऊन येईन. काकू मात्र म्हणतात की बाबांनीच इकडे यावे. गुडघ्याचे कारण मी पुढे केले, तर त्यांनी मला निरोप दिला: "भावजींना म्हणावे, पाणी गुडघ्याला आहे तोवरच निघा; कमरेला आले की बस बंद होते."

आपली,
धाकटी